निर्गमांतील पशुमरी व ‘सर्व’ हा शब्द

शास्त्रपाठाच्या तासास निर्गमाचा नववा अध्याय चालला असतां एकोडीहून येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस थांबविलें. सहाव्या वचनांत मिसरी लोकांचीं सर्व गुरें मरीनें मेलीं. मग दहाव्या वचनांत गळवें आलीं तीं कोणत्या पशूंस, आणि एकोणिसाव्यांत गारा पडण्यापूर्वीं घरीं आणावयास सांगितलीं तीं गुरें कोठून आलीं, असा त्याचा प्रश्न होता. कांहीं मुलें हंसलीं. पवित्र लेख श्रद्धेनें वाचावा, असें म्हणून आम्हीं पाठ पुढें चालविला. हें बरें केलें नाहीं. शेतकऱ्याच्या मुलानें गुरांचा हिशेब विचारावा आणि शिक्षकानें श्रद्धेचें नांव सांगून त्यास गप्प बसवावें, यांत श्रद्धेचाही मान राहत नाहीं. म्हणून तो प्रश्न येथें पुनः घेतों.

विसंगति आधीं पुरती मांडूं. ती झांकण्यांत अर्थ नाहीं. तिसऱ्या वचनांत घोडे, गाढवें, उंट, गाईबैल व शेळ्यामेंढ्या यांचा उल्लेख आहे. सहाव्यांत सर्व मेलीं. तरी पुढें गळवें पशूंस होतात, गारा पशूंवर पडतात, बाराव्या अध्यायांत पशूंचे पहिले वत्स मरतात, आणि चौदाव्यांत फारो सहाशें निवडक रथ घेऊन निघतो. रथांस घोडे लागतात.

बहुतेक टीकाकार तिसऱ्या वचनाकडे बोट दाखवितात : मरी येणार ती शेतांत असलेल्या गुरांवर, असें तेथें आहे. हें समजावयास भंडारा जिल्ह्यांतील वाचकास कोश नको. सकाळीं गांवचीं गुरें आखरावर जमतात व गुराख्यामागें रानांत जातात; दावणीचीं मात्र कोठ्यांतच राहतात. काळपुळीचे जंतु मातींत वर्षानुवर्षें टिकतात आणि चरतांना जनावराच्या पोटांत जातात. तो रोग घोड्यांसही होतो. मिसरांतील मरी हीच असावी, असें कांहीं अभ्यासकांनीं सुचविलें आहे. आमच्या आजोबांच्या पिढीस ‘गुरांची मरी’ म्हटलें कीं बुळकांडी आठवे. असल्या रोगांच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्यास सरकारी प्रयोगशाळा निघाली व १८९३ सालीं ती मुक्तेश्वरास गेली. बुळकांडीचें जगांतून निर्मूलन झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. परंतु बुळकांडी घोड्यांस होत नाहीं, म्हणून ती येथें बसत नाहीं. मूळ लेखांत रोगाचें नांव नाहीं. तें आपण आपल्या पदरचें घालूं नये.

‘शेतांतलीं’ एवढ्यानें मात्र काम भागत नाहीं, कारण सहाव्या वचनांत ती मर्यादा पुनः सांगितलेली नाहीं. तेव्हां हा लेखक ‘सर्व’ हा शब्द इतरत्र कसा वापरतो तें पाहावें. पंचविसाव्या वचनांत गारांनीं शेतांतील सर्व वनस्पतींचा नाश झाला व प्रत्येक झाड मोडलें. पुढें सहा वचनांनीं तोच लेखक सांगतो कीं, जवस व सातू गेले, पण गहूं मागास असल्यामुळें वांचला. दहाव्या अध्यायांत टोळ येतात ते गारांतून उरलेलें खातात, झाडांचीं फळेंही. धानाच्या बांधींत जवस पेरणारा आमच्याकडील शेतकरी फाल्गुनांत गारा पडल्या म्हणजे ‘सारें गेलें’ म्हणतो, आणि उरलेलें कापावयास विळा घेऊन जातो. त्यास कोणी खोटें बोलणारा म्हणत नाहीं. हाच पुरावा आम्हांस सर्वांत भक्कम वाटतो, कारण तो बाहेरून आणावा लागत नाहीं.

अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्रांत मिसरी गुरें गारांच्या स्वाधीन केल्याचें आहे, मरीच्या नव्हे. परंतु हिब्रूंत गारांस ‘बाराद’ व मरीस ‘देबेर’ म्हणतात. दोहोंचीं अक्षरें तींच तीन, फक्त क्रम निराळा. थोड्या हस्तलिखितांत तेथें ‘मरी’ असाच पाठ आहे. नक्कल करणाऱ्याची एवढी चूक कोणत्याही पेढीच्या खतावणींत सांपडेल.

त्या मुलास आम्हीं पुनः बोलाविलें. मागल्या पावसाळ्यांत घटसर्पानें त्याच्या घरची बैलजोडी गेली होती, हें आम्हांस तेव्हां कळलें. ‘‘गावातली सारी ढोरं गेली, गुरुजी,’’ तो म्हणाला. मग रोवणीची चिखलणी कशानें झाली, असें आम्हीं विचारलें. ‘‘मामाच्या बैलांनी. ते कोठ्यातच होते.’’ एवढें बोलून तो थांबला, व पुस्तक उघडून सहावें वचन त्यानें पुनः वाचलें.

नंतर त्यानें घोड्यांचें काढलें. फारोच्या रथांचे घोडे पागेंत बांधलेले असावे. तसेंच मिसरी लोकांनीं मागाहून इस्राएलांपासून गुरें विकत घेतलीं असावीं, असेंही कोणी म्हणतात. यांपैकीं एकही गोष्ट वचनांत लिहिलेली नाहीं, हें आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलें. त्यानें दोन्ही गोष्टी वहींत उतरून घेतल्या आणि समासांत ‘अनुमान’ असें लिहिलें.