वाय-फायवरील दूरध्वनी : एका संचावर चालतो, दुसऱ्यावर का नाही?

उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली हे तालुके टेकड्या, पठारे, नद्या आणि कुळागरे यांनी नटलेले आहेत. निसर्गाची ही देणगी दूरसंचाराच्या दृष्टीने मात्र अडचणीची ठरते. टेकडीच्या एका अंगास मनोरा असला, तर दुसऱ्या अंगाच्या वाड्यावर त्याच्या लहरी क्षीण होऊन पोहोचतात. त्यात येथील जुनी घरे चिऱ्याच्या जाड भिंतींची. अंगणात उभे राहून बोलता येते. परंतु माजघरात पाऊल ठेवताच भ्रमणध्वनीवरील रेघा नाहीशा होतात, हा अनेक कुटुंबांचा नित्याचा अनुभव आहे.

अलीकडे यांपैकी पुष्कळ घरांत फायबरच्या तारेने इंटरनेट येऊन पोहोचले आहे. त्यामुळे एक नवी सोय उपलब्ध झाली आहे. मनोऱ्याच्या लहरी नसल्या तरी घरातील वाय-फायवरून नेहमीच्या क्रमांकाने बोलता येते. यालाच ‘वाय-फाय कॉलिंग’ असे म्हणतात. तथापि, या सोयीबाबत लोकांच्या मनात एक कोडे आहे. एकाच घरात, एकाच वाय-फायवर, एकाच कंपनीचे सिमकार्ड असताना मुलाच्या संचावरून दूरध्वनी लागतो आणि वडिलांच्या संचावरून लागत नाही. असे का व्हावे?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले, तर १०८ क्रमांकाशी संपर्क साधण्यासाठी अंगणात वा रस्त्यावर धावावे लागू नये, यासाठी ही सोय मोलाची आहे. मुलेबाळे परगावी असलेल्या वृद्धांच्या दृष्टीने तर ती अधिकच महत्त्वाची होय. शिवाय खरे कारण न कळल्यामुळे चांगला संच टाकून नवा घेण्याचा अनाठायी खर्चही अनेकदा केला जातो.

एकच प्रवासी, दोन मार्ग

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकास, नदीपलीकडे, तेरेखोलचा किल्ला आहे. केरीहून तेथे फेरीबोटीने जाता येते, अथवा महाराष्ट्राच्या हद्दीतून वळसा घेऊन रस्त्यानेही पोहोचता येते. प्रवासी तोच, मुक्काम तोच. मार्ग मात्र भिन्न. दूरध्वनीचेही तसेच आहे. नेहमीचे संभाषण मनोऱ्याच्या मार्गाने कंपनीच्या केंद्रात जाते. वाय-फाय कॉलिंगमध्ये तेच संभाषण घरातील वाय-फाय व इंटरनेट यांच्या मार्गाने त्याच केंद्रात पोहोचते आणि तेथून पुढे नेहमीप्रमाणे इच्छित क्रमांकाकडे जाते.

व्हॉट्सॲपसारख्या साधनांहून ही सेवा वेगळी आहे. तेथे दोन्ही पक्षांकडे तेच साधन व इंटरनेट असावे लागते. वाय-फाय कॉलिंगमध्ये समोरच्या व्यक्तीकडे कोणताही साधा संच, किंवा घरातील तारेचा दूरध्वनीही चालतो. संभाषणाचा आकार ग्राहकाच्या चालू योजनेप्रमाणेच राहतो. इंटरनेटचा वेगही फार लागत नाही. सेकंदास सुमारे १०० किलोबिट एवढा वेग एका संभाषणास पुरतो. मात्र तो अखंड मिळावयास हवा.

भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरापासून या सेवेस प्रारंभ केला. जानेवारी २०२० मध्ये जिओने ती देशभर उपलब्ध केली. डिसेंबर २०२० मध्ये व्होडाफोन-आयडियाने ज्या परिमंडळांत प्रथम ही सेवा दिली, त्यांत महाराष्ट्र व गोवा यांचा समावेश होता. भारत संचार निगमने १ जानेवारी २०२६ रोजी ती सर्व परिमंडळांत सुरू झाल्याचे घोषित केले.

चार अटी

सेवा सुरू झाली, तरी ती प्रत्येक संचावर आपोआप चालत नाही. त्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात.

पहिली अट संचाच्या घडणीची आहे. वाय-फायच्या मार्गाने आलेल्या ग्राहकासाठी कंपनी आपल्या केंद्राशी एक सुरक्षित प्रवेशद्वार ठेवते. संचाने या द्वाराशी सांकेतिक लिपीतील बंदिस्त मार्ग जोडावयाचा असतो आणि सिमकार्डाच्या साहाय्याने आपली ओळख पटवावयाची असते. हे कार्य करणारी आज्ञावली संचात निर्मात्यानेच बसवावी लागते. संचाला वाय-फाय जोडता येते, त्यावर चित्रपट पाहता येतो, म्हणजे ही आज्ञावलीही त्यात आहे, असे समजणे योग्य नव्हे. ही अडचण नवीही नाही. अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने २००७ साली अशी सेवा दिली, तेव्हाही तिच्यासाठी खास बनविलेलेच संच घ्यावे लागत.

दुसरी अट संचातील नोंदवहीची आहे. प्रत्येक सिमकार्डावर ग्राहकाचा एक आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवितात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असे आहेत. त्यापुढील अंकांवरून कंपनी समजते. सिमकार्ड बसविताच संच हे अंक वाचतो आणि आपल्या आत साठविलेल्या नोंदवहीत त्या कंपनीचे पान शोधतो. कोणत्या सेवा द्यावयाच्या, कोणत्या प्रवेशद्वारी जावयाचे, हे त्या पानावर नमूद असते. पान नसेल किंवा त्यावर वाय-फाय कॉलिंगची नोंद नसेल, तर संच ती सेवा देत नाही. बहुधा तिची कळही पडद्यावर दाखवीत नाही. संच सक्षम असूनही अशा वेळी सेवा मिळत नाही.

तिसरी अट कंपनीच्या मान्यतेची आहे. बोलता बोलता ग्राहक घराबाहेर पडला, तर चालू संभाषण वाय-फायवरून मनोऱ्याकडे सोपवावे लागते. त्यासाठी मनोऱ्याच्या बाजूस व्होल्टे ही सेवाही चालू असावी लागते. हे हस्तांतर न तुटता होते किंवा नाही, याची संचाच्या नमुन्यागणिक चाचणी घेतली जाते. चाचणीत उतरलेल्या नमुन्यांची यादी कंपन्या ठेवतात व ती वाढत जाते. एका कंपनीच्या यादीत असलेला नमुना दुसरीच्या यादीत नसणे शक्य आहे. म्हणूनच तोच संच एका सिमकार्डावर ही सेवा देतो आणि दुसऱ्यावर देत नाही.

चौथी अट घरातील वा कार्यालयातील इंटरनेटची आहे. वर सांगितलेला बंदिस्त मार्ग सामान्यतः ५०० व ४५०० या क्रमांकांच्या पोर्टांमधून जातो. शाळा, बँका व कार्यालये येथील यंत्रणा सुरक्षिततेसाठी ही पोर्टे काही वेळा बंद ठेवतात. घरी चालणारी सेवा कार्यालयात चालत नसेल, तर दोष संचाचा नसून तेथील राउटरच्या मांडणीचा असू शकतो.

परदेशातून आलेले संच

गोव्यात एका गोष्टीचा विशेष विचार करणे आवश्यक आहे. येथील असंख्य कुटुंबांतील माणसे आखाती देशांत, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये नोकरीस आहेत. सुट्टीवर येताना ती घरच्यांसाठी भ्रमणध्वनी आणतात. नाव व रूप यांत हा संच पेडण्याच्या बाजारात मिळणाऱ्या संचासारखाच दिसतो. परंतु तो ज्या प्रदेशासाठी तयार झाला, तेथील कंपन्यांची पाने त्याच्या नोंदवहीत असतात. भारतीय कंपन्यांची पाने त्यात असतीलच, असे नाही. काही निर्माते जगभर एकच आज्ञावली वापरतात, त्यामुळे असे काही संच येथे निर्वेध चालतात. तेव्हा महागडा संच म्हणजे खात्रीचा संच, हा समज सोडून द्यावयास हवा.

पडताळणीचा क्रम

संचावर ही सेवा चालत नसल्यास पुढील क्रमाने पाहावे. प्रथम संचाची आज्ञावली अद्ययावत करून घ्यावी; नोंदवहीतील नवी पाने बहुधा अशा सुधारणांतूनच येतात. त्यानंतर सेटिंगमधील सिमकार्डाच्या भागात व्होल्टे व वाय-फाय कॉलिंग या दोन्ही कळा चालू कराव्यात. दोन सिमकार्डांच्या संचात प्रत्येक सिमकार्डासाठी ही कळ स्वतंत्र असू शकते. कळ दिसत नसेल, तर आपल्या कंपनीच्या यादीत संचाचा नमुना आहे किंवा नाही, हे तिच्या सेवाकेंद्रात विचारावे. शक्य असल्यास तेच सिमकार्ड यादीतील दुसऱ्या संचात बसवून पाहावे. तेथे सेवा चालल्यास घरातील इंटरनेट व सिमकार्ड निर्दोष असून अडचण संचातच आहे, हे सिद्ध होते. नवा संच घेण्याचा विचार या पायरीनंतरच करावा.

शिक्षकांना हा विषय वर्गात प्रयोगाने समजावून देता येईल. संच विमान-स्थितीत ठेवावा, म्हणजे मनोऱ्याशी संबंध तुटतो. मग केवळ वाय-फाय चालू करावे आणि क्षणभर थांबून एखाद्या परिचिताचा क्रमांक लावावा. दूरध्वनी लागला, तर संभाषण वाय-फायच्या मार्गाने जात आहे, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानी येते. निरनिराळ्या संचांवर हाच प्रयोग करून त्यांचा तक्ताही तयार करता येईल.

काही सावधगिरी

वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्याबरोबर वाय-फाय कॉलिंगही थांबते. पावसाळ्यात वीज खंडित होण्याचे प्रसंग ध्यानी घेता राउटरसाठी लहान बॅटरीची सोय असणे हिताचे होय. १०८ वा ११२ क्रमांकावर बोलताना गाव, वाडा व जवळचे मंदिर किंवा शाळा यांचे नाव आरंभीच सांगावे. कारण वाय-फायच्या मार्गाने आलेल्या संभाषणात स्थळाचा माग मनोऱ्याइतक्या भरवशाने लागेलच, असे नाही. ही सेवा सुरू करण्यासाठी कोणतेही वेगळे ॲप घ्यावे लागत नाही. ‘वाय-फाय कॉलिंग सुरू करून देतो’ असे सांगून कोणी ओटीपी विचारल्यास तो कदापि देऊ नये.

संच, नोंदवही, कंपनी आणि घरचे इंटरनेट या चौघांचे एकमत झाले, तरच वाय-फायवरील दूरध्वनी लागतो. एकाचाही नकार असल्यास बाकीच्या तिघांचा उपयोग होत नाही. हे सूत्र ध्यानी ठेवल्यास ग्राहकाचा पैसा वाचेल. ज्या घरांतील वृद्ध माणसे आज रेघांच्या शोधात अंगणात उभी असतात, त्या घरांनी येत्या पावसाळ्यापूर्वीच ही पडताळणी करून घ्यावी. तरुणांनी व शिक्षकांनी त्यांना या कामी साहाय्य केल्यास अडीअडचणीच्या वेळी मदतीची हाक माजघरातूनही जाऊ शकेल.