तांदळाचे माप आणि मताचे माप

मतदार राजकीय नेत्याची पारख कशावरून करतो, हे समजून घेण्यासाठी मद्रास राज्याची, म्हणजे आजच्या तमिळनाडूची, १९६७ सालची निवडणूक उद्बोधक आहे. तांदळाची टंचाई व महागाई यांनी सामान्य कुटुंबे जेरीस आली होती. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनानंतरचा रोषही शमला नव्हता. अशा वेळी द्रविड मुन्नेत्र कळघमचे नेते अण्णादुराई यांनी आश्वासन दिले, की रुपयाला तीन पडी तांदूळ हे आपले ध्येय आहे. एक पडी तर निश्चितच मिळेल. पडी हे तिकडील धान्याचे माप होय.

मुख्यमंत्री भक्तवत्सलम पराभूत झाले. शाळकरी मुलांना मध्यान्ह भोजन देणारे कामराजही विरुदुनगरमध्ये एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून हरले. कालची पुण्याई आजच्या चुलीला पुरली नाही.

परंतु तेच माप विजेत्यांनाही लागू होते. मे १९६७ मध्ये मद्रास (आता चेन्नई) व कोइमतूर शहरांत रुपयाला एक पडी तांदूळ मिळू लागला; आर्थिक भारामुळे ही सवलत राज्यभर पोचू शकली नाही. मत म्हणजे उसना दिलेला विश्वास; त्याची परतफेड मतदार स्वस्त धान्याच्या दुकानात मोजून घेतो.