पाठांतर, पटांगण आणि बुद्धि

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे हट्टा व आसपासच्या गांवांतील पालक आम्हांस विनवूं लागतात, "गुरुजी, खेळाचा तास तेवढा बंद करा, त्या वेळीं मुलांकडून गणितें करून घ्या." ही विनंती मायेपोटीं असते, म्हणून तिचा नीट विचार केला पाहिजे.

बुद्धीस व्यायाम दिला कीं ती सर्वच कामांत तल्लख होते, असा पुष्कळांचा समज आहे. या समजाची परीक्षा पाहणाऱ्या एका अमेरिकन प्रयोगाचा वृत्तांत १९८० सालीं प्रसिद्ध झाला. एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यास एकामागून एक अंक ऐकवीत आणि ते त्याच क्रमानें म्हणावयास लावीत. आरंभीं त्यास सातच अंक साधत. सुमारें २३० तासांच्या अभ्यासानंतर तो ७९ अंक बिनचूक म्हणूं लागला! हा विद्यार्थी शर्यतींत धांवणारा होता. ३, ४, ९, २ हे अंक येतांच तो मनांत म्हणे, '३ मिनिटें ४९.२ सेकंद; एक मैल धांवण्याच्या विक्रमाजवळची वेळ.' अंकांस त्यानें ओळखीचा अर्थ दिला, हेंच त्यांतील मर्म. परंतु अंकांऐवजीं अक्षरें ऐकवितांच तो पुन्हां सहावर आला. वाढली होती ती अंक ध्यानांत ठेवण्याची हातोटी. स्मरणशक्ति होती तेवढीच होती.

आमच्या वर्गांतही हेंच दिसतें. अडीचकी घडाघडा म्हणणाऱ्या एका मुलास आम्हीं अडीच क्विंटल हळदीची किंमत विचारली, तों तो गप्प बसला. वडिलांबरोबर वसमतच्या बाजारीं हळद घेऊन जाणाऱ्या दुसऱ्या मुलानें ती बोटांवर हिशेब करून सांगितली. म्हणून पाढे टाकावे असें नव्हे (पावकी-निमकी मागें पडली याची आम्हांस हळहळच वाटते). त्यांस व्यवहाराची जोड मात्र हवी.

आतां खेळाविषयीं. अमेरिकेंतीलच दुसऱ्या एका प्रयोगांत, ज्याचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले, १२० वयस्क माणसांचे दोन गट केले होते. एका गटास वर्षभर आठवड्यांतून तीन दिवस झपझप चालविलें. दुसऱ्यास अंग ताणण्याचे सौम्य व्यायाम दिले. चालणाऱ्यांच्या मेंदूंतील हिपोकॅम्पस नांवाचा, स्मरणाशीं निगडित असा भाग सुमारें २ टक्क्यांनीं वाढला, इतरांचा घटला. स्मरणाच्या चाचणींत मात्र दोन्ही गट सुधारले. शिवाय तीं माणसें पिकल्या वयाचीं, आपलीं मुलें कोंवळीं. तेव्हां धांवल्यानें बीजगणित येईल, असें वचन आम्ही कोणासही देत नाहीं.

तरीही आमचें मत खेळाच्याच बाजूचें आहे. खो-खोंत पाठलाग करणाऱ्यास एकदां धरलेली दिशा बदलतां येत नाहीं, कीं मधली रेषा ओलांडतां येत नाहीं; कोणास खो द्यावा हें त्यास धांवतांधांवतांच ठरवावें लागतें. देवानें शरीर आणि बुद्धि निरनिराळ्या कप्प्यांत ठेविलेलीं नाहींत. पटांगणावरून घाम पुशीत आलेला वर्ग पहिलीं पांच मिनिटें गलबला करितो खरा, पण नंतर प्रश्न विचारतो. दुपारभर बांकावर बसून राहिलेला वर्ग जांभया देतो.

सबब यंदाही खेळाचा तास चालूं राहील. ज्या पालकांस शंका असेल त्यांनीं एके दिवशीं त्या तासास पटांगणावर यावें, आणि घंटा झाल्यावर मुलांच्या पाठोपाठ आमच्या वर्गांतही येऊन बसावें.