गालावरचा माइक

नारदाच्या गादीवर उभं राहिलं की हात मोकळे राहत नाहीत. एका हातात चिपळ्या, नाहीतर दोन्ही हातांत झांज. पाय तालावर, आणि तोंडाने कधी निरूपण, कधी पद, कधी साकी-दिंडी. स्टँडवरचा माइक लावला की कीर्तनकार दाव्याला बांधल्यासारखा होतो. एक पाऊल मागे गेलं की आवाज गायब. पदराला किंवा उपरण्याला लावायचा चिमट्याचा माइक हिंडू देतो, पण तो तोंडापासून वीतभर लांब. मान वळवली की आवाज बदलतो, आणि लांबचं ऐकू यावं म्हणून साउंडवाला आवाज वाढवतो तेव्हा शिट्टी सुरू होते. तोच माइक दोन बोटांवर आणला तर साधारण पंधरा डेसिबल जास्त आवाज आयता मिळतो. सगळं गणित या दोन बोटांत आहे, आणि म्हणून आमच्यातले बरेच जण हेडसेटकडे वळले.

ही युक्ती आमची नाहीच म्हणा. १९७९ साली केट बुश या इंग्लंडच्या गायिकेला रंगमंचावर नाचता नाचता गायचं होतं, तेव्हा तिच्या ध्वनितंत्रज्ञाने कपडे अडकवायच्या हँगरची तार वाकवून तिच्या डोक्यावर माइक बसवला होता. गरज तिची आणि आमची एकच.

पण आज बाजारात ‘वायरलेस हेडसेट’ म्हणून जे मिळतं, त्यातलं पुष्कळसं नुसतं बोलणाऱ्यांसाठी असतं. शाळेतल्या बाई, व्यायामाचे वर्ग घेणारे, सहलीचे गाइड. त्यांचं त्यात भागतं. कीर्तनकाराला त्याच यंत्रातून कुजबुजायचंही असतं आणि तार सप्तकात पुकारही लावायचा असतो, तेही एका श्वासाच्या अंतरावर. तिथे हे हेडसेट दगा देतात. कसा देतात ते मी भर उत्सवात पाहिलं आहे.

कोकणातलं देऊळ, रामनवमीचा उत्सव, पुढे पत्र्याचा मांडव. संध्याकाळी रिकाम्या मांडवात साउंडवाल्याने त्याचा हेडसेट लावून दाखवला. आवाज ठणठणीत. रात्री मांडव भरला, नमन झालं, पूर्वरंगाचं निरूपण लागलं आणि आवाज तुटायला लागला. ‘परमार्थ’ म्हटलं की ‘पर’ लोकांपर्यंत जायचं आणि ‘मार्थ’ माझ्यापाशी राहायचं. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, “ताई, काढून ठेवा ते. तशाच बोला, येतंय ऐकू.” त्यांना येत होतं. मागे खांबाला टेकून बसलेल्या बायकांना येत नव्हतं.

कारण नंतर कळलं. रिसीव्हर, म्हणजे माझ्या कमरेच्या पॅककडून लहरी घेणारा डबा, मांडवाच्या पार टोकाला, मिक्सरच्या टेबलाखाली, दोन अँप्लिफायरच्या मध्ये ठेवलेला. सेट २.४ गिगाहर्ट्झचा. वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात, आणि त्या रात्री पोरं हॉटस्पॉट लावून कीर्तन फोनवरून थेट दाखवत होती. त्यात माणसाचं शरीर बहुतांशी पाणी. या लहरी ते शोषून घेतं. संध्याकाळी माझ्यात आणि डब्यात मोकळी हवा होती, रात्री शेकडो माणसं. साउंडवाल्याच्या हाताखालच्या मुलाने डबा उचलून रंगमंचाच्या कडेला, पेटीच्या खोक्यावर उंच ठेवला, लांब केबल ओढली, आणि कीर्तन मार्गी लागलं.

तेव्हापासून मी गेल्या गेल्या आधी रिसीव्हर कुठे आहे ते पाहते. मला तो दिसला पाहिजे, म्हणजे त्यालाही मी दिसते. त्याला दोन अँटेना असाव्यात आणि दोन्ही खरोखर काम करणाऱ्या असाव्यात. एका अँटेनाकडे लहर क्षीण झाली की यंत्र आपोआप दुसरीवर जातं. गिरक्या घेणाऱ्या माणसाला याचा फार उपयोग. खोक्यावर ‘१०० मीटर रेंज’ लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानातलं. आपल्याला दहा-पंधरा मीटर पुरतात, पण गर्दीतले.

पट्टा शक्यतो यूएचएफ घ्यावा. मात्र सेकंडहँड सेट घेताना मागच्या बाजूचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेला गेला आणि त्यावर आता फाइव्ह-जी चालतं. ८०० आणि ९०० च्या आसपासही मोबाइलच आहे. त्या आकड्यांचा जुना सेट स्वस्तात कुणी का विकतोय, याचं उत्तर बहुधा त्यातच असतं. ५०० ते ६०० च्या मधला आणि फ्रीक्वेन्सी बदलता येणारा सेट असला, तर शेजारच्या मंडपातल्या लग्नाशी टक्कर झाली तरी दुसरीकडे सरकता येतं. एकाच फ्रीक्वेन्सीचा सेट असला की तिथे सरकायला जागाच नाही.

ब्लूटूथवर चालणारे हेडसेट गाण्यासाठी घेऊच नयेत. आवाज स्पीकरमधून यायला बहुधा १०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त उशीर होतो. हवेतून ३४ मीटर लांबून यायला आवाजाला लागतो तेवढा हा वेळ. बोलताना कुणाच्या लक्षात येत नाही. द्रुत लयीत तबलजी आणि आपण दोघंही वेडे होतो.

आता गाण्याचा खरा घोळ. दुकानात माणूस काय करतो? डोक्यावर हेडसेट चढवतो आणि “हॅलो, हॅलो, चेक, एक दोन तीन” म्हणतो. त्यात सगळेच माइक चांगले वाटतात. तार षड्जावर खुला आकार लावला की काहींचा आवाज फाटतो, भांडं तडकल्यागत खरखर येते. साउंडवाला लांबून खूण करतो, “ताई, मी इथून कमी करतो.” तो कमी करतो, खरखर तशीच राहते, फक्त हळू ऐकू येते. कारण आवाज मिक्सरमध्ये फाटलेलाच नसतो. एक तर माइकच्या दाण्याला एवढा जोर सोसत नाही, नाहीतर कमरेच्या पॅकमध्ये गेन जास्त ठेवलेला असतो. तिथे फाटलेलं पुढे कुणालाच शिवता येत नाही. पॅकवर, पुष्कळदा बॅटरीच्या झाकणाखाली, बारीक स्क्रू असतो किंवा मेनूत सेन्सिटिव्हिटी नावाची सोय असते. ती आपल्या सर्वांत मोठ्या आवाजाला लावून घ्यायची. आख्यानातली सर्वांत चढी जागा असेल ती पूर्ण जोराने गायची, लाल दिवा लागला तर कमी करायचं, आणि मग हळू बोलणं मिक्सरवरून वाढवून घ्यायचं. सेन्सिटिव्हिटी बदलताच येत नसेल असा पॅक गाणाऱ्याने घेऊ नये. माझ्या लेखी हा एक मुद्दा कंपनीच्या नावापेक्षा मोठा आहे.

ओम्नी की कार्डिऑइड, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ओम्नी चहूबाजूंनी ऐकतो. माइक बसवलेली काडी जराशी सरकली तरी आवाज फारसा बदलत नाही, श्वासाचा आणि ‘प’, ‘भ’चा फटका त्याला कमी बसतो. कार्डिऑइड एका दिशेने ऐकतो, म्हणून पायाशी मॉनिटर स्पीकर असेल आणि शेजारी तबला घुमत असेल तर शिट्टी टाळायला तो बरा. पण त्याचं तोंड नेमकं आपल्या तोंडाकडे नसेल तर आवाज पातळ पडतो, आणि फार जवळ आला तर खर्ज फुगतो. मोठ्या मैदानात, मोठ्या स्पीकरसमोर कार्डिऑइड. देवळाच्या सभामंडपात, जिथे मॉनिटर नसतोच, तिथे ओम्नी. एकच घ्यायचा असेल तर मी ओम्नीच्या बाजूने आहे, कारण नाचताना काडी सरकतेच. दोन्हीत दाणा ओठांसमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या किंचित मागे, गालाला न टेकता. समोर आला की पुंडलिकाच्या गजरात प्रत्येक ‘प’ मंडपभर फुटतो. आणि स्पंजची टोपी काढून टाकू नये, कितीही ओंगळ दिसली तरी.

हे सगळं जमलं तरी वेशभूषा उरते, आणि त्याबद्दल माहितीपत्रकात एक अक्षर नसतं. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत. काडी डाव्या गालावरून आली तर नथीचा मोती तिला टेकतो आणि मान हलेल तसा स्पीकरमधून टक्, टक् आवाज येतो. साउंडवाला केबल तपासत बसतो. म्हणून बायकांनी उजव्या गालाचा, किंवा बाजू बदलता येणारा हेडसेट घ्यावा. झुमके नकोत, कुड्या चालतात. एका कानाचा हेडसेट दिसायला नाजूक, पण घामाने निसटतो. दोन्ही कानांवर बसणारा आणि मागून मानेजवळून जाणारा घ्या, तो अंबाड्याखाली नीट बसतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून पाहा. बुवांनी पगडी किंवा फेटा बांधून पाहावा, आणि क्रम लक्षात ठेवावा, आधी हेडसेट, मग पगडी.

पॅक नऊवारीच्या ओच्यात खोचू नये. बसताना दाबला जातो, बटण बंद होतं, आणि अँटेना घामेजल्या अंगाला चिकटली की लहर अंगातच जिरते. मी कापडी पिशवी शिवून घेतली आहे, नाडीने कमरेला मागे बांधते, अँटेना बाहेर मोकळी. पिशवीला आतून प्लॅस्टिकचा तुकडा लावला की घाम आत जात नाही. वायरचा एक छोटा वळसा पोलक्याच्या मागच्या गळ्याला चिमट्याने अडकवायचा, म्हणजे मान फिरवली की ओढ काडीवर येत नाही.

त्या वळशाची खरी कसोटी मध्यंतरात लागते. पूर्वरंग संपतो, नामाचा गजर होतो, बुक्का लागतो आणि यजमान हार घेऊन येतात. त्यांचा भाव मोठा, हार त्याहून मोठा. तो डोक्यावरून घालताना काडी धाग्यात अडकते आणि हेडसेट हारासकट गळ्यात येतो. सगळा मंडप हसतो, यजमान ओशाळतात, आणि पुढचं आख्यान कुणाच्याही लक्षात राहत नाही. मी आता आधीच सांगून ठेवते, “काका, हार माझ्या हातात द्या, मी घालते.” कुणालाही राग आलेला नाही. पॅकवर म्यूटचं बटण असेल तर ते तेवढ्यापुरतं दाबावं. पण ते चुकून दाबलं जाणार नाही असं असावं, आणि ते परत सोडायचं साथीदारांपैकी एकाने लक्षात ठेवावं.

बॅटरीबद्दल थोडक्यात. पेन्सिल सेलवर चालणारा पॅक घ्या. आतली बॅटरी चार्ज करायचा पॅक मध्येच संपला तर सेल बदलायची सोय नसते. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर ते १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ चे, त्यामुळे पॅकवरचा बॅटरीचा दिवा फसवू शकतो. कीर्तनाला नवे सेल, उरलेले घरच्या घड्याळाला.

पैशाचं काय? दोन-अडीच हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंत सेट आहेत आणि सगळे एकत्र घ्यायची गरज नाही. पैसे बेताचे असतील तर बरा रिसीव्हर-पॅक घ्या आणि त्यासोबत आलेला हेडसेट पुढेमागे बदला, कारण आवाज मुख्यतः त्या दाण्यात असतो. बदलताना पिन पाहा. शूरच्या पॅकला चार पिनांची छोटी एक्सएलआर लागते, सेनहायझरच्या पुष्कळ पॅकना आटे असलेली ३.५ मिलिमीटरची. दिसायला सारखी पिन असली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, म्हणून दुकानदाराकडून आपल्याच पॅकला लावून, गाऊन पाहिल्याशिवाय उठू नये. दुकानात गायला लाज वाटत असेल तर भाड्याने एका कार्यक्रमाला घ्या. शहरातले साउंडवाले देतात, आणि त्यात पुढचे बरेच पैसे वाचतात.

शेवटी साउंडवाल्या दादांशी फोनवर आदल्या दिवशी बोलून ठेवावं. रिसीव्हर पुढे हवा, इको बंद हवा. इकोवर यांचं भारी प्रेम. श्लोकाचा प्रत्येक शब्द तीनदा ऐकू आला की त्यांना देव भेटतो. निरूपणाचा मात्र चिखल होतो. आणि तबलजींच्या बाजूला वायरचा एक साधा माइक स्टँडवर, जोडून, एकदा बोलून पाहिलेला असावा. माझ्या तबलजींना तो कधी पुढे सरकवायचा हे आता सांगावं लागत नाही. ते डाव्या हाताने ठेका धरून ठेवतात आणि उजव्याने स्टँड ढकलतात.