कुलूप एकाच सर्व्हरला दिसतं तेव्हा

प्रश्न : आमचे चार सर्व्हर एकच सामायिक डिस्क वापरतात. एका सर्व्हरवर फाइल लॉक केली, तरी दुसऱ्यावरचा प्रोग्रॅम तिच्यात लिहितो. असं का होतं?

उत्तर : फाइल डिस्कवर असते, लॉक मात्र त्या-त्या सर्व्हरच्या कर्नेलच्या मेमरीत. पहिल्याने काय नोंदवलंय ते दुसऱ्याला कळायला काही सोय हवी, आणि ती क्लस्टर फाइल सिस्टिमबरोबर आपोआप येत नाही. ओसीएफएस२ हेच घ्या. ती 2006 मध्ये लिनक्स कर्नेलमध्ये आली. क्लस्टरभर पाळला जाणारा ‘फ्लॉक’ तिच्यात नंतर जोडला गेला. फाइलच्या तुकड्यावर लागणारा ‘एफसीएनटीएल’ लॉक तर तिच्या ओटूसीबी या नेहमीच्या व्यवस्थेत आजही त्या सर्व्हरपुरताच असतो. तुमचा प्रोग्रॅम या दोनपैकी कोणता मागतो, ते आधी शोधा. मुळात दुसरा प्रोग्रॅम लॉक मागतो का, हेही पाहा. न मागणाऱ्याला हा लॉक अडवत नाही.

क्लस्टरभरचा लॉक जोडायला वेळ का लागावा? लॉक देणं त्या मानाने सोपं आहे. प्रत्येक लॉकचा हिशेब एका सर्व्हरकडे सोपवायचा, बाकीच्यांनी त्याला नेटवर्कवरून विचारायचं. खरी कसोटी लॉक धरलेला सर्व्हर गप्प झाला की लागते. तो मेला की नुसता अडकलाय? मेला समजून लॉक दुसऱ्याला दिला आणि हा मिनिटभराने जागा होऊन लिहू लागला, तर फाइलची वाट लागली. म्हणून ओसीएफएस२मधला प्रत्येक सर्व्हर दर 2 सेकंदांनी डिस्कवर हजेरी लावतो. साधारण 60 सेकंद ती लागली नाही, तर तो स्वतःच रीस्टार्ट होतो. ऐकायला हे क्रूर वाटतं, पण मला हा नियम फार योग्य वाटतो: माणसांचा डेटा सर्व्हरच्या अपटाइमपेक्षा मोलाचा.

तुमच्याकडची स्थिती दोन टर्मिनलवर कळेल. सामायिक डिस्कवर एक रिकामी फाइल करा. पहिल्या सर्व्हरवर ‘फ्लॉक’ कमांडने ती लॉक करून 60 सेकंदांचा ‘स्लीप’ चालवा. लगेच दुसऱ्यावर त्याच फाइलचा लॉक मागून ‘डेट’ चालवा. कर्सर थांबून राहिला तर फ्लॉक क्लस्टरभर चालतोय. तारीख तत्काळ उमटली, तर माउंटच्या पर्यायांत ‘लोकलफ्लॉक्स’ आहे का बघा, चारही सर्व्हरवर.