इंटरनेटचे पत्ते अपुरे पडले : दुकानदाराने काय पाहावे?

दुकानात कॅमेरा लावून घरबसल्या मोबाइलवर गल्ला पाहण्याची सोय आता आपल्या मावळातही नवी राहिलेली नाही. आमच्या ओळखीच्या एका कापडवाल्याने ती केली. दुकान लोणावळ्यात, राहणे तळेगावला. दुकानात बसून चित्र दिसे; घरी गेले की काहीच नाही. मेकॅनिकने दोनदा मशीन बदलले, पैसे वाया गेले. दोष मशीनमध्ये नव्हताच, पत्त्यात होता.

टपालासाठी लोणावळ्याला ४१०४०१ हा पिनकोड आहे, तसा इंटरनेटवरही आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही ४ या पद्धतीत ० ते २५५ मधले चार आकडे टिंबांनी जोडतात. गुणाकार करून पाहा : एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. तेव्हा ते रग्गड वाटले. आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींवर आहे. जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आशिया-पॅसिफिक विभागाला मिळालेल्या शेवटच्या गठ्ठ्यातले पत्ते १०३ ने सुरू होतात. त्यातले एका कंपनीला जास्तीत जास्त १०२४ मिळत. २०१९ पासून ५१२. रेशनच म्हणा!

मग कनेक्शन देणारा हजारो गिऱ्हाइके कशी सांभाळतो? चाळीसारखी. पत्ता एकच, खोल्या अनेक. आतून पाठवलेल्या पत्राचे उत्तर कोणत्या खोलीत द्यायचे हे दारावरच्या माणसाला ठाऊक असते. पण बाहेरून कोणी आपणहून आला तर तो कोणाकडे आला हे त्याला कळत नाही. कापडवाल्याचा मोबाइल असाच दारातून परत फिरत होता. शिवाय एका भाडेकरूने उपद्व्याप केला आणि एखाद्या वेबसाइटने तो पत्ता बंद केला, तर प्रामाणिक शेजारीही अडकतो.

यावर उपाय १९९८ पासून तयार आहे : आयपीव्ही ६. यातील पत्त्यांची संख्या लिहायला ३९ अंक लागतात. मात्र जुना व नवा पत्ता एकमेकांशी थेट बोलत नाहीत, म्हणून दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात आणि बदल रेंगाळतो. भारत सरकारने २०१० साली आराखडा काढला. २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा नव्या पत्त्यांसह आली आणि गती वाढली. त्यामुळे खिशातल्या मोबाइलला नवा पत्ता आणि दुकानातल्या वायरला अजून जुनाच, असा प्रकार घडतो.

कॅमेरा घेण्याआधी कनेक्शनवाल्याला विचारा : आयपीव्ही ६ देता का? आमचा राऊटर तो घेईल का? दोन्ही टोकांना नवा पत्ता असेल तर थेट जोडणी होऊ शकते. नसेल तर स्वतंत्र कायम पत्ता भाड्याने घ्या, नाहीतर कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारा कॅमेरा निवडा. छोट्या दुकानाला हा शेवटचा मार्ग पुरतो. दरमहा भाडे कशाला भरायचे?

नव्या पत्त्यावर चाळीचा आडोसा राहत नाही. राऊटरची फायरवॉल चालू ठेवा, त्यातून फक्त कॅमेऱ्यापुतीच वाट उघडा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.