हेमकुंडाला जाणाऱ्या गाववाल्यांसाठी

१. पाय इथे चाकणलाच तयार करा. भंडारा, भामचंद्र, घोराडेश्वर हे तुकोबांच्या एकांताचे तिन्ही डोंगर आपल्या उशाशी आहेत. गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की आम्ही पहाटेच भामचंद्र गाठायचो. पाठीवर भरलेली सॅक आणि बोलताना धाप लागणार नाही इतकीच चाल. अर्थात, याने पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही.

२. ती सवय दिवस दिल्यानेच होते, आणि नेमके दिवसच आपल्याकडे कमी असतात. रजा मोजून मिळते. म्हणून बरेच जण पायथ्याच्या गोविंदघाटाहून थेट घांघरिया आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड असा बेत आखतात. चाकण समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसहाशे मीटरवर, घांघरिया ३,००० मीटरच्या वर आणि हेमकुंड ४,३०० च्या आसपास. तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या सुमारे ६० टक्केच प्राणवायू मिळतो. म्हणून जोशीमठला एक रात्र काढा, घांघरियात दोन. मधल्या दिवशी फुलांच्या घाटीत फिरून या. डोकं ठणकलं, मळमळलं, जेवण नकोसं झालं तर वर चढू नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरा, मग रात्र का असेना. आमच्यातला सगळ्यांत दणकट गडी घांघरियाच्या वर थोडं चढताच पांढराफटक पडला. दोघे जण दर्शन सोडून त्याला खाली घेऊन गेले. माझ्या लेखी त्या यात्रेचं पुण्य त्या दोघांचं.

३. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या नाही.

४. घांघरियातून पहाटे निघा. सहाच किलोमीटर, पण सगळी खडी चढण. वर मुक्काम करू देत नाहीत, दुपारी परतावंच लागतं. लंगरातली गरम खिचडी आणि चहा मात्र चुकवू नका.

५. हेमकुंडाची जागा परकी समजू नका. गुरू गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी इथे तप केलं, अशी शिखांची श्रद्धा. त्याच गुरूंनी १७०८ साली देह ठेवला तो आपल्या नांदेडला. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. इथल्या सरोवराच्या काठावर लक्ष्मणाचं मंदिरही आहे आणि तिथले लोक या सरोवराला लोकपाल म्हणतात. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून बसलो, तेव्हा कीर्तनाचे शब्द पुरते कळत नव्हते, पण नामाचा गजर ओळखीचा होता. देहू-आळंदीत वाढलेल्याला तो कळतोच.

६. डुबकी जरूर घ्या, पण साबण, निर्माल्य, जुने कपडे पाण्यात नकोत. सरोवरातून निघालेली लक्ष्मणगंगा घांघरियाजवळ पुष्पावतीला भेटते आणि गोविंदघाटला अलकनंदेत मिसळते. म्हणजे वर टाकलेलं सगळं गंगेत जातं. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहिला आहे. तो पाहून ज्याचा जीव तुटतो, त्या माणसाने तरी दुसऱ्याच्या नदीच्या उगमाचं पाणी खराब करू नये. ब्रह्मकमळही झाडावरच राहू द्या.

७. वाटेवर मिळणारे पातळ प्लास्टिकचे रेनकोट एका दिवसात फाटतात आणि तिथेच पडतात. आपण पावसात बाईकवर घालतो तो जाड रेनकोट घरूनच न्या.